गडावर टिन उघडायचाय आणि हाताशी फक्त खिशातला चाकू

ट्रेकला निघालेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असा असतोच, जो रसगुल्ल्याचा एक किलोचा टिन सॅकमध्ये घालून आणतो. टिन सुखरूप गडावर पोचतो, रात्रीच्या खिचडीनंतर मोठ्या थाटात बाहेर निघतो आणि मग सगळे एकमेकांची तोंडं बघतात. ओपनर घरी राहिलेला असतो. कुणी चाकू काढतं, कुणी दगड उचलतं आणि बाकीचे टॉर्च धरून सल्ले देत बसतात. बहुतेक बोटं कापतात ती ह्याच वेळेला.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात आधी एक गोष्ट. चाकूने टिन कापताना जोर लावावा लागत असेल, तर काहीतरी चुकतंय. डब्याचा पत्रा साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. त्याला ताकद लागत नाही, टेकू लागतो. तो टेकू डब्याच्या कडेवरच तयार मिळतो. कुठे आणि कसा, ते पुढे सांगतो.

१. सोबत काय हवं

- कॅन ओपनर असलेला खिशातला चाकू
- जाडसर सुती नॅपकिन किंवा जुन्या टॉवेलचा तुकडा
- डब्यातलं सगळं मावेल असं भांडं आणि एक दणकट स्टीलचा चमचा
- हेडटॉर्च, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात
- रिकामा डबा परत आणायला जाड प्लास्टिकची पिशवी
- गॉझ, चिकटपट्टी, बँडेड

चाकूबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. "माझ्याकडे स्विस नाइफ आहे" असं सांगणाऱ्या अनेकांकडे किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा 58 मिलिमीटरचा छोटा चाकू असतो. त्यात पातं, कात्री आणि नखं घासायची कानस असते. कॅन ओपनर नसतो. व्हिक्टोरिनॉक्स ह्या स्विस कंपनीचा स्पार्टन किंवा त्याच्या वरचे 91 मिलिमीटरचे चाकू घेतले तर त्यात ओपनर मिळतो. त्यातही दोन हत्यारं सारखीच दिसतात. एकाचं टोक रुंद आणि चपटं असतं, ते बाटलीचं बूच काढायचं. दुसऱ्याचं टोक अरुंद, खालची कड धारदार आणि तिला लागून एक खाच, तो आपला कॅन ओपनर. अंधारात बाटलीचा ओपनर टिनवर घासत बसलेले लोक पाहिले आहेत.

ह्या चाकूचा जन्मच मुळी डब्यांसाठी झाला म्हणा ना. 1891 पासून कार्ल एल्सनरच्या कारखान्यातून (आजची व्हिक्टोरिनॉक्स) स्विस सैन्याला चाकू जाऊ लागले, तेव्हा सैनिकाची त्यातून दोन कामं व्हायला हवी होती, रायफल खोलणं आणि डबाबंद जेवण उघडणं. त्याआधीची गंमत अशी की पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये 1810 सालीच निघालं होतं, पण ओपनरची पेटंटं यायला 1850 चं दशक उजाडलं. मधल्या काळात लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडायचे.

बाजारात ह्या चाकूच्या स्वस्त नकला ढिगाने मिळतात. त्यातल्या बऱ्याच जणींचा ओपनर मऊ लोखंडाचा असतो आणि रिबीट सैल असते. घेतलाच असेल तर घरी एक टिन त्याने पूर्ण उघडून बघा. ओपनर वाकला किंवा मुठीत डुगडुगला, तर तो चाकू सफरचंदं कापायला ठेवा.

प्रवासाचं म्हणाल तर विमानाच्या केबिनमध्ये चाकू चालत नाही, चेक-इन सामानात टाका. मेट्रोच्या तपासणीतही अडवतात, म्हणून गडाकडे जाताना एसटी, लोकल किंवा गाडी बरी.

२. डबा घरीच तपासा

फुगलेला, गळणारा, काठाच्या शिवणीवर खोल चेपलेला किंवा गंजून खड्डे पडलेला डबा न्यायचाच नाही. फुगलेल्या डब्यात बोट्युलिझम ह्या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढलेले असू शकतात. त्यांचं विष चवीला किंवा वासाला कळेलच असं नाही, त्यामुळे "जरा चाखून बघू" हा प्रकार नको. उघडताना आतून जोरात फवारा उडाला तरी तो डबा बाद. पोटावर किरकोळ पोचा असेल तर घाबरायचं कारण नाही. बघायची ती शिवण.

एक गैरसमज नेहमी ऐकू येतो. चिप्सचं पाकीट डोंगरावर टम्म फुगतं, तसाच डबाही फुगला असेल, असं लोक समजतात. डबा बंद करताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणून चांगल्या डब्याचं झाकण सपाट किंवा किंचित आत गेलेलं दिसतं. कळसूबाईची उंची 1646 मीटर. तिथेसुद्धा चांगला डबा फुगत नाही. फुगला असेल तर कारण उंची नव्हे.

ह्याच वेळी डब्याची जातही बघून ठेवा. वर आणि खाली दोन्हीकडे उठावदार गोल काठ असेल तर तो दोन्ही बाजूंनी उघडता येतो. ट्यूनाचे बुटके डबे बहुधा खालून गोलसर आणि काठ नसलेले असतात, तिथे ओपनरला पकडायला काही नसतं. रिंग असलेला डबा असेल तर चाकू लागणारच नाही अशी आशा. दाबून बसवलेलं झाकण असेल तर चपटा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

३. बैठक

उभ्याने, मांडीवर किंवा गुडघ्यांमध्ये धरून टिन उघडायचा नाही. चाकू निसटला तर तो थेट मांडीत जातो, आणि गडावरून खाली पोचायला दोन-तीन तास लागतात. सपाट दगडावर ताट ठेवा, ताटात टिन, आणि समोर तुम्ही मांडी घालून. टिन पाकाने गच्च भरलेला असतो, पहिल्या भोकाबरोबर थोडा पाक ओघळतो, म्हणून ताट. डाव्या हाताने डबा धरायचा तो नॅपकिनची घडी मधे घालून. टॉर्च धरणाऱ्या मंडळींना समोरून उठवून मागे बसवा.

झाकण आधी पुसून घ्या. दुकानात आणि गोदामात त्यावर धूळ बसलेली असते, उंदीर फिरलेले असतात, आणि ओपनरचं टोक ते सगळं थेट आत ढकलतं.

४. ओपनरने कापायची रीत

डब्याच्या काठाकडे नीट बघा. झाकणाचा आणि अंगाचा पत्रा एकमेकांत दुमडून तिथे पाच थरांची शिवण केलेली असते. ती बाहेरच्या बाजूला थोडी पुढे आलेली असते, त्यामुळे तिच्या खाली एक बारीक ओठ तयार होतो. सुरुवातीला म्हटलेला टेकू तो हाच. ओपनरची खाच ह्या ओठाखाली अडकते आणि टोक झाकणावर, काठाच्या अगदी आत टेकतं.

आता मूठ वर उचलायची की खाली दाबायची, ह्यावरून नेहमी वाद होतो. वाद घालण्यापेक्षा हत्यार बघा. खाच मुठीच्या बाजूला आणि कापणारं टोक पुढे असेल, तर मूठ वर उचलली की टोक खाली घुसतं. व्हिक्टोरिनॉक्सचा ओपनर ह्या जातीचा. जुन्या पद्धतीच्या काही चाकूंत उलटं असतं, खाच पुढे आणि कापणारी कड मुठीकडे. तिथे मूठ खाली दाबायची.

व्हिक्टोरिनॉक्सच्या जातीचा धरून चालू:

क) ओपनर पूर्ण उघडा, 'टक्' आवाज येईपर्यंत. बाकीची सगळी पाती मिटलेली हवीत.

ख) टिनच्या अंगावरून एक उभा सांधा गेलेला असतो. जिथे तो काठाला भेटतो तिथे पत्र्याचे थर वाढतात आणि ओपनर अडतो. सुरुवात त्या सांध्याच्या किंचित पुढे करा, म्हणजे तो अडथळा शेवटी येतो आणि बहुधा गाठावाच लागत नाही.

ग) चाकू काठाला जवळजवळ समांतर, पण थोडा तिरका धरा. खाच बाहेरून ओठाखाली, टोक आत. मूठ सावकाश वर उचला. बारीकसा 'टच्' आवाज येईल, पत्रा भेदला गेला. क्षणभर थांबा, आत हवा जाऊ द्या.

घ) मूठ खाली आणा, ओपनर पुढे चार-पाच मिलिमीटर सरकवा, पुन्हा उचला. इतकंच. चाकू तुमच्यापासून दूर, पुढे पुढे जातो. नवीन लोक इथे घाई करतात, एका उचलीत दीड सेंटिमीटर कापायला जातात, मग खाच ओठावरून निसटते. छोटे घास घ्या.

ङ) चाकू डब्याभोवती फिरवत नेऊ नका. चाकू एकाच जागी ठेवून डावा हात डबा थोडा थोडा फिरवत राहतो. मनगट वाकडं होत नाही आणि धार कायम समोरच्या दिशेला राहते.

च) मधेच ओपनर निघाला तर आधीच्या कापाच्या शेवटच्या टोकातच परत बसवा. शेजारी नवीन भोक पाडलं तर दोन कापांमध्ये पत्र्याची सुईसारखी कपची सुटते आणि ती पाकात पडते.

छ) पूर्ण गोल कापू नका. शेवटची दोन बोटं जागा तशीच ठेवा. पूर्ण कापलेलं झाकण पाकात बुडतं, मग कुणीतरी बोटं घालून ते काढायला जातं, आणि तिथे रक्त. सोडलेला भाग बिजागरीचं काम करतो. चमच्याच्या दांड्याने झाकण उचला, मागे वळवा.

डावखुऱ्यांना हा ओपनर थोडा उलटा पडतो, कारण त्याची बनावट उजव्या हाताची आहे. चाकू उजव्या हातात घेऊन केवळ उचल-खाली करायची आणि डबा फिरवायचं काम डाव्या हाताला द्यायचं, हे बहुतेकांना जमतं. ज्यांना नाही जमत त्यांनी सरळ शेजारच्याला द्यावा. अमेरिकन सैन्याने 1942 मध्ये आणलेला पी-38 नावाचा अंगठ्याएवढा घडीचा ओपनर मिळाला तर तो किल्ल्यांच्या जुडग्यात असू द्या. वजन नगण्य, आणि तो दोन्ही हातांनी वापरता येतो.

५. ओपनर नसेल, फक्त पातं असेल तर

आधी विचारा, पूर्ण उघडायची गरज आहे का? कंडेन्स्ड मिल्कचा टिन असेल तर समोरासमोर दोन भोकं पुरेत. एकातून दूध येतं, दुसऱ्यातून हवा जाते. आमरसाचंही तसंच, भोकं जरा मोठी पाडायची एवढंच.

पूर्ण उघडायचा असेल तर पात्याने करवतीसारखं कापायला जाऊ नका. खिशातल्या बहुतेक चाकूंना लॉक नसतं, पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. टोक पत्र्यात अडकलं आणि मूठ तिरकी झाली की पातं मिटतं, थेट बोटांवर. म्हणून भोसकायचं ते अगदी उभं. चाकू डब्यावर काटकोनात, टोक काठाच्या लगेच आत, धार तुमच्यापासून लांब. मूठ दोन्ही अंगांनी धरा, पातं जिथे मिटतं त्या खाचेवर बोटं येऊ देऊ नका. मग मुठीच्या टोकावर दुसऱ्या हाताच्या तळव्याने बेताचा दाब. पत्रा भेदला की चाकू सरळ वर काढा. पिळू नका, टोक मोडतं. शेजारी दुसरं भोक, मग तिसरं. भोकं एकमेकांना भिडवत तीन-चतुर्थांश गोल पूर्ण करायचा आणि झाकण चमच्याने उचकटायचं.

चाकूत आरी असेल, चांभाराच्या आरीसारखी छोटी टोकदार, तर भोकं पाडायला पात्याऐवजी ती वापरा. जाड असते, मोडत नाही, आणि मुख्य पात्याची धार वाचते. लॉक तिलाही नसतं, तेव्हा बोटांची काळजी तीच.

चाकूच्या पाठीवर दगड हाणणं हा सगळ्यांचा आवडता उपाय आहे. त्याने चाकूही जातो आणि रसगुल्लेही जमिनीवर येतात.

६. चाकूच नसेल तर कातळ आहे

सह्याद्रीचा बेसॉल्ट इथे कामाला येतो. टिन उलटा करून त्याचा काठ खरबरीत, सपाट कातळावर गोल गोल घासा. दुमडलेल्या शिवणीचा वरचा थर झिजला की झाकण आणि अंग वेगळं होतं. काठावर चकचकीत वलय दिसायला लागतं, मग दगड ओलसर होतो. ओल दिसली की लगेच थांबा, टिन सुलटा करा, काठावरचा दगडाचा आणि धातूचा भुगा ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि मगच डबा दोन्ही बाजूंनी दाबा. झाकण उचलून येतं. न पुसता दाबलं तर तो भुगा आत.

कोकणात जांभ्यावर हे करायला गेलात तर टिनऐवजी दगडच झिजतो आणि तांबडी माती हाताला लागते. आणि कातळ म्हणजे मोकळा पडलेला कातळ. देवळाचं जोतं, तटबंदीचे चिरे, कोरीव पायऱ्या, टाक्याचा काठ ह्यांवर टिन घासायचा नाही. हे वेगळं सांगावं लागू नये, पण गडांवर घासल्याच्या खुणा दिसतात.

दुसरा उपाय चमच्याचा. चमच्याचं टोक काठाच्या आत टेकवून एकाच जागी, दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यात, जोराने पुढे-मागे घासत राहा. पत्रा झिजून फाटतो. वेळ लागतो, हात भरून येतो, पण चाकूची धार नसल्याने लहान मुलं आसपास असताना हाच बरा.

७. रिंग तुटली

रिंगच्या डब्यावर झाकणाच्या कडेने एक कोरलेली रेघ असते, तिथे पत्रा मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. रिंग नखाने उचकटू नका. चाकूचा चपटा स्क्रू-ड्रायव्हर तिच्याखाली घाला, थोडी उचला, मग रिंगने आधी रेघेवर भोक पाडा आणि नंतरच मागे ओढा. तरीही तुटलीच तर डबा उलटा करून बघा. खाली काठ असेल तर तिथून ओपनर चालवा. नसेल तर त्या कोरलेल्या रेघेवरच आरीने भोकं पाडत जा. पत्रा तिथे सहज फाटतो.

८. उघडल्यावर

सगळं लगेच भांड्यात ओता. उघड्या टिनमधून चमच्याने काढून खाताना मनगट कापतं, त्यातून पाइनॅपल किंवा टोमॅटोसारखं आंबट काही रात्रभर टिनमध्ये राहिलं तर त्याला धातूची चव येते. ओतताना पत्र्याची कपची पडली नाही ना, ते टॉर्चच्या उजेडात एकदा बघा.

गरम करायचं तेही भांड्यात. बंद टिन निखाऱ्यांवर किंवा स्टोव्हवर ठेवायचा नाही, आतली वाफ त्याला फोडते. उघडलेला टिनही विस्तवावर नको, त्याला आतून लेप असतो आणि तो तापवण्यासाठी नसतो.

बोट कापलंच तर स्वच्छ गॉझने सलग दहा मिनिटं दाबून धरा, हात छातीच्या वर. मधे मधे उघडून "थांबलं का" बघू नका. रक्त थांबल्यावर पिण्याच्या पाण्याने धुऊन पट्टी. बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर तसंच दाबून ठेवून गड उतरायला लागा. खाली आल्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

९. रिकामा डबा आणि चाकू

हरिश्चंद्रगड असो की राजगड, गडावर पाणी म्हणजे कातळात खोदलेली टाकी आणि तळी. पाकाचा डबा किंवा चाकू त्यात बुडवून विसळायचा नाही. बाटलीतल्या घोटभर पाण्याने डबा विसळा, ते पाणी टाक्यापासून लांब ओता. झाकण आत दुमडा, काठ आतल्या बाजूला दाबून डबा चपटा करा, पिशवीत घाला आणि घरी आणा. उघडा डबा गडावर राहिला तर कुत्री आणि माकडं त्यात तोंड घालतात, आणि ते तोंड कसं निघतं ते बघवत नाही.

अमेरिकेत राहणारे आपले लोक इंडियन स्टोअरमधला 850 ग्रॅमचा हापूसचा टिन कॅम्पिंगला हमखास नेतात. त्यांच्यासाठी ही पायरी आणखी महत्त्वाची. योसेमिटीसारख्या ठिकाणी अस्वलांमुळे खाणं लोखंडी पेटीत ठेवणं सक्तीचं आहे. आमरसाचा रिकामा डबा अस्वलाला रिकामा वाटत नाही, तोही त्याच पेटीत ठेवायचा.

घरी आल्यावर चाकू त्याच दिवशी धुवा. साखरेचा पाक सांध्यात वाळला की ओपनर उघडता उघडत नाही आणि नख तुटतं. कोमट पाण्यात चाकू बुडवून सगळी हत्यारं पाच-सहा वेळा उघडमीट करा, जुन्या टूथब्रशने खाचा घासा, पुसून उघडाच वाळू द्या. मग सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि जास्तीचं तेल पुसून टाका. खोबरेल नको, थंडीत थिजतं. नाहीतर डिसेंबरात पुढच्या गडावर चाकू काढाल तेव्हा ओपनर जागचा हलणार नाही.